उतारावरचं पांढरं घर

पत्र आलं तेव्हा ती छकुलीला गाजर भरवत होती, आणि नऊ महिन्यांची छकुली ते गाजर तोंडात कमी आणि कानामागे जास्त साठवत होती. पोस्टमन दारातूनच म्हणाला, सरकारी दिसतंय, सही लागेल. तिनं हात फडक्याला पुसून सही केली आणि मनातल्या मनात हसली. कुरण अनुदान मंजूर झाल्याचं पत्र दरवर्षी याच सुमारास येतं, असं सासूबाई जाण्याआधी तिला सांगून गेल्या होत्या. पाकीट तिनं लगेच फोडलं नाही. छकुलीचं तोंड पुसलं, तिला सतरंजीवर सोडलं, चहाचं आधण ठेवलं आणि मग फोडलं. चांगल्या बातमीला जरा बसायला द्यावं, असं तिला वाटलं.

पहिल्या तीन ओळी वाचल्या आणि तिनं चहाखालचा गॅस बंद केला.

पत्रात लिहिलं होतं, की अर्जदाराच्या क्षेत्र क्रमांक चारचा विमानातून घेतलेला फोटो तपासला असता, तिथं अंदाजे चाळीस चौरस मीटरचं, पांढऱ्या छपराचं आणि एका बाजूला दार असलेलं बांधकाम आढळून आलं. अर्जात मात्र ‘बांधकाम आहे काय?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असं लिहिलेलं आहे. सबब या वर्षीचं अनुदान रोखून धरलं असून शुक्रवारी जागेवर तपासणी होईल. माहिती खोटी ठरल्यास पुढची तीन वर्षं अर्ज करता येणार नाही.

ते ‘नाही’ तिनंच लिहिलं होतं. स्वतःच्या हातानं, निळ्या शाईनं, खाली सही ठोकून.

सासूबाई होत्या तोवर अर्ज त्या भरायच्या. त्यांच्यामागे हे काम या वर्षी पहिल्यांदाच तिच्याकडे आलं होतं. छकुली झोपली की जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरायचे, अशा चार दुपारी तिनं त्यात घातल्या होत्या. योजना तशी सोपी होती. ज्यानं आपलं गवताचं रान नांगरलं नाही, त्यावर काही बांधलं नाही, नुसत्या गाई चारल्या आणि गवत राखलं, त्याला सरकार वर्षातून एकदा पैसे देणार. यांच्याकडे आठ गाई आणि घरामागचा उतार, एवढीच काय ती दौलत. अनुदान आलं की वर्षाच्या चाऱ्याची बेगमी व्हायची आणि दुधाचा पैसा घरखर्चाला उरायचा.

या वर्षी मात्र त्या अनुदानावर आणखी एक गोष्ट टांगलेली होती. तिचा नवरा मालाचा ट्रक चालवायचा. तीन आठवडे रस्त्यावर, चार दिवस घरी. त्या चारांतले पहिले दोन दिवस छकुली त्याच्याकडे बघून भोकाड पसरायची, तिसऱ्या दिवशी त्याचं नाक ओढून बघायची, आणि चौथ्या दिवशी, कुठं ओळख पटतेय तोवर, तो निघायचा. अनुदान आलं की नोकरी सोडायची आणि घरच्या गाईंकडे बघायचं, असं दोघांचं ठरलं होतं. कंपनीनं दोन वर्षांच्या नव्या कराराचा कागद त्याच्या हातात ठेवला होता आणि सही करणार की जाणार, ते सोमवारी सकाळी सांगायचं होतं. सही केली की दोन वर्षं सुटका नाही. सही केली नाही आणि अनुदानही गेलं, तर आठ गाईंच्या पुढ्यात काय टाकणार?

आणि आज बुधवार होता.

सासरे गोठ्यातून हात धुऊन आले. त्यांना ती आबा म्हणायची. त्यांनी पत्र हातभर लांब धरून दोनदा वाचलं, चष्मा काढला, दारात गेले आणि उताराकडे बराच वेळ टक लावून पाहत राहिले.

“चाळीस चौरस मीटर म्हणजे आपल्या माजघराच्या दुप्पट,” ते शेवटी म्हणाले. “एवढं घर मला दिसलं कसं नाही गं?”

छकुलीला कडेवर घेऊन ती त्यांच्यामागून उतार चढली. वर गवत होतं. गवतात तीन गाई बसल्या होत्या आणि त्यांनी मान वळवून या तिघांकडे असं पाहिलं, की जणू घर शोधायला आलेली माणसं त्यांना रोजच भेटतात. आबांनी काठीनं चार-सहा ठिकाणी जमीन टोचून पाहिली. पाया नाही, खड्डा नाही, विटेचा तुकडा नाही. फोटो नक्कीच दुसऱ्या कुणाच्या रानाचा असणार, असं ते परतताना म्हणत होते. सरकारी विमान, वाट चुकलं असेल.

तिला हसू आलं, पण गोठ्याच्या मागच्या वाटेनं खाली येताना ते ओठांवरच विरलं. भिंतीला टेकवून, जुन्या ताडपत्रीत गुंडाळून, दोन चांगले जाडजूड लाकडी खांब ठेवलेले होते. नवे कोरे. आबांनी कधी आणले, कशाला आणले, तिला ठाऊक नव्हतं. आणि मग तिला आठवलं. मागे एकदा जेवताना आबा म्हणाले होते, की उतारावर वारा छान लागतो, पोराला आणि तुला तिथं एक वेगळी खोली झाली तर किती बरं.

तिनं त्यांना विचारलं नाही. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

गुरुवारी सकाळच्या बसनं ती छकुलीला घेऊन अनुदान कचेरीत गेली. खिडकी क्रमांक तीन. खिडकीच्या आत एक कारकूनबाई, त्यांच्या मागे छतापर्यंत फायली, आणि टेबलावर रबरी शिक्के टांगलेला झाडासारखा स्टँड, ज्याला छकुलीनं पहिल्या नजरेतच आपलं म्हणून ठरवून टाकलं. कारकूनबाई वाईट नव्हत्या. त्यांनी फाईल काढली, छकुलीला एक न चालणारा शिक्का खेळायला दिला आणि फोटोची छापील प्रत काचेखालून पुढं सरकवली. काळी-पांढरी प्रत होती, जरा तिरप्या कोनातून घेतलेली. त्यांचा उतार तिनं ओळखला. वरचं वाकडं झाड, कुंपणाचा कोपरा, पाणी प्यायचं टाकं, सगळं त्यांचंच. वाट चुकलेलं विमान वगैरे काही नव्हतं.

आणि बरोबर मधोमध एक घर होतं. पांढरंशुभ्र, चौकोनी, कडा सरळ. खालच्या बाजूला एक गडद दार.

हे काय असेल, असं तिनंच कारकूनबाईंना विचारलं. त्यावर त्या चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाल्या, की ताई, रान तुमचं आहे. फोटो तीन महिन्यांपूर्वीचा होता. उद्या तपासनीस येतील, त्यांना खरं काय ते सांगून टाका, तात्पुरती शेड घालून काढली असेल तर तसं सांगा, लपवलं की जास्त त्रास होतो, एवढं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. शिक्का परत घेताना छकुलीनं जो आकांत मांडला, त्यानं खिडकी क्रमांक सातपर्यंतची माणसं वळून बघायला लागली.

बसमध्ये छकुली मांडीवर झोपली आणि तिचं डोकं चालू झालं. तीन महिन्यांपूर्वी ती छकुलीच्या धबडग्यात होती. दिवस कधी उगवतो, कधी मावळतो, कळायचं नाही. आबांनी माणसं बोलावून उतारावर काही उभं केलं असतं आणि नाही जमलं म्हणून उतरवलं असतं, तर तिला पत्ता लागला असता का? तिला खात्री देता येईना. कष्टाळू माणूस, सरळ माणूस. पण बायको गेल्यापासून ते काय काय मनात ठेवायचे आणि एकट्यानंच करून टाकायचे.

संध्याकाळच्या धारा काढताना ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“आबा, एक विचारू? उतारावर तुम्ही काही उभं केलं होतं का? मी रागावणार नाही. फक्त उद्याच्या आधी मला सांगा.”

बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज थांबला. गाईनं शेपूट हलवली.

“माझ्यावर संशय आला तुला,” आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं. मग ते गुडघ्यावर हात टेकून हळूच उठले. “अगं पोरी, या गुडघ्यांनी मला कोंबड्यांचं खुराडं उभं करता येत नाही. घर बांधलं असतं, तर गावभर सांगत नसतो फिरलो?”

तिनं खांबांचं विचारलंच नाही. खाली मान घालून बादली उचलली. दुधात आपल्या डोळ्यांतलं पाणी पडेल की काय, असं तिला वाटलं.

त्यानंतर थोड्याच वेळात नवऱ्याचा फोन आला. ट्रकच्या हॉर्नांमधून, मालाच्या गोदामाच्या फाटकापाशी उभा राहून तो बोलत होता. तिनं सगळं सांगितलं. फोटो, चौकोन, दार.

“मग मी सोमवारी सही करतो,” तो म्हणाला.

“शुक्रवार तर होऊ दे.”

“शुक्रवारी काय होणार आहे? त्यांच्याकडे फोटो आहे. आपल्याकडे काय आहे?” थोडं थांबून त्यानं विचारलं, “रांगते का आता?”

छकुली त्या क्षणी सतरंजीवरून निघून टेबलाच्या पायापर्यंत पोचली होती. रांगते, असं तिनं सांगितलं. उलटी रांगते, मागे मागे जाते, हे मात्र तिनं सांगितलं नाही. ते त्यानं स्वतः बघावं अशी तिची फार इच्छा होती.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला तपासनीस आले. उंच, किडकिडीत, पन्नाशीचे. बूट चिखलाचे, पण कॉलर कडक. चहाला नाही म्हणाले, बसायला नाही म्हणाले, छकुलीनं हात पुढे केला तेव्हा तिच्याशी मात्र गंभीरपणे हस्तांदोलन केलं. मग टेप काढून उतारावर गेले. अर्धा तास ते वाकून गवत बाजूला करून बघत होते, आणि आबा काठी टेकत मागोमाग, घरात आलेल्या वैद्याच्या मागे नातेवाईक फिरतात तसे.

पायाची खूण नव्हती. पण त्यानं काही होत नाही, असं तपासनिसांनी सरळ सांगितलं. तीन महिन्यांत गवत उगवतं. बांधलेलं होतं आणि काढलं, इतकाच त्याचा अर्थ. तेव्हा इथं जे होतं ते काय होतं, हे त्यांना लिहावं लागणार, आणि कुणी सांगितलं नाही तर पत्रात आहे तेच लिहावं लागणार.

त्यांनी पिशवीतून टॅब काढला आणि फोटो उघडून तिच्यापुढं धरला.

हा फोटो रंगीत होता. कारकूनबाईंची प्रत काळी-पांढरी होती आणि तळहाताएवढी. हा तपासनिसांनी दोन बोटांनी ताणून मोठा केला. हिरवंगार गवत, पांढरं छप्पर, आणि त्याच्या खालच्या कडेला दार.

दार मोरपंखी रंगाचं होतं.

ती टॅबवर इतकी वाकली, की तपासनिसांना मागं सरकावं लागलं. तिनं स्वतःच दोन बोटांनी फोटो आणखी ताणला. दाराच्या दोन्ही बाजूंनी, वरच्या टोकाशी, काहीतरी आडवं निघालेलं होतं. एक इकडे, एक तिकडे.

“साहेब,” ती म्हणाली, “दाराला बाह्या असतात का?”

तपासनिसांनी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत फोटोकडे.

“हा माझ्या नवऱ्याचा शर्ट आहे,” ती म्हणाली आणि मटकन गवतात बसली. छकुलीला वाटलं, खेळ सुरू झाला.

मग तिच्या तोंडून सगळं एकदमच बाहेर पडलं. फोटोच्या कोपऱ्यात तारीख होती, ती तिनं बघितली आणि तो दिवस तिला लख्ख आठवला. नऊ दिवस पाऊस लागून राहिला होता. छकुलीचं पोट बिघडलेलं. लंगोट संपले, दुपटी संपली, मग जुन्या चादरी फाडल्या, अभ्रे झाले, पलंगपोस झाले, घरातलं पांढरं म्हणून जे काही होतं ते छकुलीनं वापरून टाकलं. दहाव्या दिवशी ऊन पडलं. तिनं सकाळपासून धुणं उकळून काढलं, तर वाळत घालायला जागा नाही, कारण अंगणातले दोरीचे खांब त्याच पावसात कुजून आडवे झालेले. तेव्हा आबाच म्हणाले होते, की उतारावर पाणी थांबत नाही, तिथं गवत कोरडं असेल. आणि सासूबाई पांढरे कपडे नेहमी ओले असतानाच गवतावर पसरायच्या, ऊन आणि गवत मिळून जे पांढरं करतात ते कुठल्याही साबणाला साधत नाही. पण पसरायचे ते कडेला कड लावून, मध्ये फट नको, नाहीतर गाई मध्येच पाय घालतात. म्हणून तिनं फरशी बसवावी तसं एकेक कापड बसवलं होतं. सहा चादरी, त्यांच्याभोवती चाळीसेक लंगोट-दुपटी, आणि खालच्या कडेची शेवटची फट बुजवायला हा शर्ट.

आबांनी कपाळाला हात लावला. “मीच सांगितलं होतं,” ते म्हणाले. “आणि मीच परवा काठीनं पाया शोधत फिरलो.”

तपासनीस हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. ताई, मला पटतंय, असं त्यांनी कबूल केलं, पण माझ्या पटण्याला कागदावर रकाना नाही. मोजलेलं लागतं. दाखवता येईल का?

दाखवायचं म्हणजे काय, हे तिला कळायला एक क्षण लागला. मग ती घराकडे धावली.

चादरी सोप्या होत्या, त्या कपाटात होत्या. लंगोटांचं मात्र तीन महिन्यांत बरंच देशांतर झालं होतं. तेवीस छकुलीच्या वापरात. आठ फडताळात फडकी होऊन बसलेले. एक गळक्या नळाला बांधलेला. दोन ट्रॅक्टरच्या सीटखाली, त्यातला एक इतका काळा, की आबा म्हणाले हा घेऊ नये, साहेबांना वाटेल छपराला भोक होतं. सहा तिनं शेजारच्या काकूंना दिले होते, त्यांच्या मुलीला दिवस गेले होते म्हणून. ते मागायला ती कुंपणापाशी गेली तेव्हा काकूंना वाटलं, दिलेलं परत मागते की काय. पण कारण ऐकल्यावर काकू सहा लंगोट घेऊन स्वतःच आल्या आणि जायचं नाव घेईनात. शेवटी मोजणीत एक कमी पडला, तेव्हा आबांनी खिशातून आपला रुमाल काढून मुकाट्यानं पुढं केला. तो रुमाल नव्हता, लंगोटच होता.

उतारावर सगळं पुन्हा कडेला कड लावून पसरून झालं. राहिला शर्ट.

शर्ट पाळण्यात होता. नवरा कामावर गेला की पहिल्याच रात्रीपासून ती छकुलीला त्याच्यावर झोपवायची, आणि तो घरी यायच्या आधी शर्ट लपवून ठेवायची. बापाचा वास तरी ओळखीचा राहील, म्हणून. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. इतकं साधं काहीतरी सांगायला लाज वाटते तशी वाटली होती. आता तो हातात घेऊन ती बाहेर आली आणि चौघांच्या देखत गवतावर, खालच्या कडेला, त्याच्या जागी पसरला.

तपासनिसांनी टेप धरला. दुसरं टोक काकूंनी. लांबी जुळली, रुंदी जुळली, वीतभर इकडेतिकडे. मग त्यांना वरून फोटो हवा होता. गोठ्यावर गवत ठेवायचा माळा होता, त्याची खिडकी उताराकडे उघडायची. तपासनीस कडक कॉलरसकट शिडी चढून वर गेले, आणि खिडकीतून आधी टॅब, मग त्यांचं डोकं बाहेर आलं. ते बराच वेळ एकदा टॅबकडे आणि एकदा उताराकडे बघत राहिले. खाली ती छकुलीला घट्ट धरून उभी होती.

“ताई,” वरून आवाज आला, “दाराचा डावा हात जरा वर घ्या.”

तिनं धावत जाऊन शर्टाची डावी बाही वर केली.

“बास,” तपासनीस म्हणाले. “हेच ते घर.”

आबा खाली बसले ते बसलेच. काकूंनी डोळ्याला पदराऐवजी हातातला लंगोट लावला आणि मग लक्षात आल्यावर झटकन दूर केला. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि दोन्ही एकाच दारातून बाहेर पडायला बघत असल्यामुळे धड काहीच बाहेर पडत नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला होता, पण भांडं अजून हलत होतं.

आता तपासनीस चहाला हो म्हणाले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, छकुली पायाशी मागे मागे रांगत असताना, त्यांनी अहवाल भरला. अहवालात ठरलेले पर्याय होते: पक्कं बांधकाम, कच्चं बांधकाम, प्लॅस्टिकचं आच्छादन, वाहन, इतर. त्यांनी ‘इतर’ निवडलं. पुढं जेमतेम एका ओळीची जागा होती. बोट हवेत धरून त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘धुणं, वाळत घातलेलं.’ त्याखाली, ‘कुरणास अपाय नाही. हरकत निकाली.’ मग त्यांनी तिची सही घेतली आणि तिच्यासमोरच ते पाठवून दिलं. अनुदान मोकळं झालं, दहा-बारा दिवसांत खात्यावर येईल, असं त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं नोकरी झाली, लोकांनी शेड लपवल्या, विहिरी लपवल्या, एकानं तर गुऱ्हाळाएवढी पत्र्याची चाळ गवताखाली झाकली होती. पण लंगोट मोजायची वेळ पहिलीच. जाताना दारात थांबून ते म्हणाले, की विमान पुढच्या वर्षीही येणार आहे. तेव्हा शक्यतो दोरीवर.

ते गेल्यावर तिनं फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा त्यानं उचलला तेव्हा मागे माल उतरवायचा गोंगाट होता.

“सही करू नका,” ती म्हणाली.

“काय?”

“सोमवारी. सही करू नका. या घरी.”

मग तिनं सांगितलं. तो मध्ये मध्ये “थांब, थांब” म्हणत होता, बहुतेक गोंगाटापासून लांब चालत जात होता. शर्टाचं आलं तेव्हा त्यानं तिला मध्येच अडवलं.

“मोरपंखी?”

“मोरपंखी.”

“अगं, मी तो शर्ट तीन महिने शोधतोय. वाटलं, कुठल्या तरी ढाब्यावर राहिला. दोन ढाब्यांवर भांडून आलो मी.” आणि मग, वेगळ्या आवाजात, “तो छकुलीच्या पाळण्यात कसा आला?”

तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. सांगायला अजूनही लाज वाटली, पण आधीइतकी नाही.

“घरी आलात की सांगते,” ती म्हणाली.

बाहेर ऊन चांगलं पडलं होतं. काकू आपले सहा लंगोट घेऊन गेल्या होत्या, पण बाकी सगळं उतारावर तसंच होतं. घेऊन यायला म्हणून ती निघाली, तर अंगणाच्या टोकाकडून कुदळीचा आवाज आला. आबांनी तिथं खड्डा घेतला होता, आणि शेजारी, ताडपत्री काढलेले, ते दोन नवे खांब पडले होते. पावसात जुने कुजले त्याच आठवड्यात त्यांनी ते आणून ठेवले होते, सुनेला दोरी बांधून द्यायला. मग गुडघ्यानं दगा दिला, आणि आज नाही उद्या करता करता तीन महिने गेले.

तिनं त्यांच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि खड्डा थोडा खोल केला. त्यांनी छकुलीला घेतलं.

“चुकलं माझं, आबा,” ती खाली बघतच म्हणाली.

“चाळीस चौरस मीटरचं घर होतं,” आबा म्हणाले. “कुणालाही संशय येईल.”

दुसरा खड्डा त्यांनी ठेवून दिला. एक काम पोराला राहू दे म्हणाले, येईल तेव्हा त्याच्याही हाताला काहीतरी हवं. ती उतारावर गेली. चादरी कपाटातल्या, कोरड्याच होत्या, पण ऊन अजून दोन तास तरी राहणार होतं, आणि आता त्या तिथं आहेत हे सरकारच्या दप्तरात रीतसर नोंदलेलं होतं. राहू दे, असं तिनं ठरवलं. नुसता शर्ट उचलला, झटकून त्याच्यावरची गवताची काडी काढली आणि छकुलीची झोपायची वेळ झाली होती म्हणून पाळण्याकडे निघाली. शर्ट उन्हानं ऊबदार झाला होता. नाकाशी धरला तर आता त्याला फक्त गवताचा वास येत होता.

असू दे, तिला वाटलं. खरा माणूसच येतोय.